‘क’ अडतो तिथून पुढे

मराठीत वाक्य कुठूनही सुरू करता येतं, ही सोय माझ्या लेकीने फार लवकर हेरली होती. ‘काकाचा फोन आला होता’ हे ती ‘आला होता ना फोन, त्याचा’ असं सांगायची. ‘कात्री दे’च्या जागी ‘ते दे, कापायचंय’. सुरुवातीला ‘म्हणजे’ नाहीतर ‘ते काय झालं ना’ हे ठरलेलं. घरात ही लकब म्हणून खपून जायची आणि प्रगतिपुस्तकात ‘अबोल आहे’ एवढा शेरा यायचा. चौथीत नवीन बाई आल्या, त्यांनी एकेकाला उभं करून नाव विचारलं आणि हिने भलतंच नाव सांगितलं. ‘म’ने सुरू होणारं, छान खणखणीत. बाईंनी हजेरीपट उघडला तेव्हा घोळ लक्षात आला आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. तिचं खरं नाव ‘का’ने सुरू होतं. बाकी कुठल्याही शब्दाला वळसा घालता येतो, स्वतःच्या नावाला घालता येत नाही.

लहानपणी ती अडखळायची हे आम्हाला माहीत होतं. तीनेक वर्षांची असताना ‘मी-मी-मी जाते’ असं सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी ‘थोडं थांबून बघू’ असं सांगितलं. त्यात वावगं काही नव्हतं. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात, बहुतेकांचं ते दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि साधारण चारांतल्या तिघांचं आपोआप सुटतं. मुलींचं सुटण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त. म्हणूनच शाळेच्या वयात एका अडखळणाऱ्या मुलीमागे तीन-चार मुलगे दिसतात. आमच्याकडेही हळूहळू ‘मी-मी-मी’ ऐकू येईनासं झालं. ते गेलं नव्हतं, आत जाऊन बसलं होतं.

स्पीच थेरपिस्टकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं, जीभ-टाळू तपासतील, दोन व्यायाम देतील. मॅडमनी तोंडात डोकावूनही पाहिलं नाही. लेकीशी गप्पा मारल्या, एक उतारा वाचायला दिला, एका चित्राची गोष्ट सांगायला लावली आणि सगळ्याचं चित्रीकरण केलं. नंतर ते परत परत लावून शंभर अक्षरांमागे किती वेळा अडतं, सगळ्यात लांब अडणं किती सेकंदांचं, त्या वेळी डोळे मिटतात का, मान झटकते का, हे सगळं मांडलं. शब्द पुन्हा पुन्हा येणं, आवाज ताणला जाणं आणि काहीच न फुटता शब्द नुसता आत अडकून राहणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे तिसरी होती. शेवटी त्यांनी लेकीला एक प्रश्नावली दिली आणि मला बाहेर बसवलं.

आकड्यांनुसार तिचं अडखळणं ‘सौम्य’ निघालं. प्रश्नावलीत मात्र ‘बोलायच्या आधी शब्द बदलतेस का?’ यापुढे तिने ‘नेहमी’वर खूण केली होती आणि खूण कमी पडली म्हणून खाली पेन्सिलीने ‘प्रत्येक वाक्याला’ असं लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, “हा जो सौम्य आकडा आहे ना, तो ती राबून कमावतेय. आपण तिला मदत करायला लागलो की हा आकडा आधी वाढेल. घाबरून बंद करू नका.” वाक्य ऐकलं, मान डोलावली, पण त्याचा अर्थ अंगावर आला तो पुष्कळ नंतर.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. सात-आठ वर्षांच्या पुढेही अडखळणं टिकलं असेल तर ते मुळापासून नाहीसं होण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि अमुक दिवसांत पूर्ण बंद करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. मोठ्या माणसांमध्येही शंभरात एखादा अडखळतोच. म्हणजे आम्हाला आजार घालवायचा नव्हता. बोलणं सोपं करायचं होतं आणि त्याची भीती कमी करायची होती. नवऱ्याला हे पचायला वेळ लागला. ‘मग जायचं कशाला?’ हा त्याचा प्रश्न बरेच दिवस घरात फिरत होता.

त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे लेकीचा काका, अजूनही फोनवर अडखळतो. इतकी वर्षं हा विषय कुटुंबात कुणी काढत नव्हतं. मॅडमनी कुटुंबात आणखी कोणी आहे का विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. अडखळणं घराण्यात उतरतं हे जुनंच निरीक्षण आहे. 2010 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी त्याच्याशी जोडलेली तीन जनुकं दाखवली. सगळ्या अडखळणाऱ्यांमध्ये ती सापडतात असं नाही, पण मूळ मेंदूच्या बोलण्याची जुळवाजुळव करणाऱ्या भागांत आणि त्यांच्या जोडण्यांत आहे, आईच्या ओरडण्यात किंवा कुठल्याशा धक्क्यात नाही, एवढं पक्कं. हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते लिहून सांगणं अवघड आहे.

आता एक जुनी भीती. तिच्यासमोर ‘अडखळणं’ हा शब्दच उच्चारायचा नाही, नाव घेतलं की वाढतं, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं. ही समजूत एकेकाळी विद्यापीठांतही होती. वेन्डेल जॉन्सन नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांचं म्हणणं होतं की आईबापांनी शिक्का मारल्यामुळेच मूल अडखळायला लागतं. ते तपासायला 1939 साली आयोवातल्या एका अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग झाला आणि त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुमचं बोलणं बिघडलंय, जपून बोला’ असं वारंवार सांगितलं गेलं. ती मुलं काही खरोखरची तोतरी झाली नाहीत, पण बोलायला बिचकू लागली. विद्यापीठाने त्याबद्दल 2001 मध्ये जाहीर माफी मागितली. मॅडमचं म्हणणं असं की भीती घालणारं बोलणं वेगळं आणि मोकळं बोलणं वेगळं. आपण मुलासमोर गप्प राहतो त्याचा अर्थ मूल ‘हे इतकं वाईट आहे की आईसुद्धा बोलत नाही’ असा लावतं. त्या संध्याकाळी मी लेकीला सरळ विचारलं, ‘क’ला अडतं ना गं? ती म्हणाली, “ ‘क’ला, ‘त’ला आणि ‘आ’ला.” यादी तयारच होती.

प्रत्यक्ष काम वर्णमालेपासून सुरू झालं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे शाळेत पाठ करून विसरलेले शब्द तिथे जिवंत झाले. ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू वर टेकते, ‘त’ला टोक दातांना लागतं, ‘प’ला ओठ. प्रत्येक ठिकाणी वाट क्षणभर बंद होते आणि उघडते. अडखळताना ती बंदच राहते, आणि माणूस मागून जोर लावतो. ‘आ’ला तर जीभही टेकत नाही, तिथे घशातल्या स्वरतंतूंनीच दार लावलेलं असतं. लेकीने एका मोठ्या कागदावर तोंडाचा उभा छेद काढला आणि तिचं कुठे कुठे अडतं तिथे लाल ठिपके दिले. मग मूठ घट्ट आवळायची, अर्धी सैल करायची, पूर्ण सोडायची. तसंच जिभेने करायचं. आधी मुद्दाम कडक ‘क’, मग मध्यम, मग जेमतेम टेकलेला. आपल्याला ते घट्ट आणि सैल करता येतं, ही जाणीव तिला पहिल्यांदा झाली. तोवर तिच्या लेखी ते बाहेरून येऊन गळा धरायचं.

नंतर माझी पाळी. मॅडमनी मला अडखळायला सांगितलं. खोटं खोटं नाही, हिच्यासारखं हुबेहूब. लेक परीक्षक. मी ‘क-क-कागद’ म्हटलं, तर ती म्हणाली, “असं नाही आई. आवाज येतच नाही. तोंड उघडं ठेव आणि ओठांच्या कडा ओढ. आता मला बघ, म्हणजे मी हसतेय का ते बघ.” मी तसं केलं. दोन-तीन सेकंद समोरच्याकडे बघत, शब्द अडकवून उभं राहणं काय असतं ते माझ्या घामाने मला सांगितलं. लेकीने मला दहापैकी चार गुण दिले.

तंत्रं बरीच होती, ती फार लांबवत नाही. वाक्याचे छोटे तुकडे पाडून मध्ये खरोखर थांबायचं. स्वराने सुरू होणारा शब्द थोडा श्वास सोडत, अलगद उचलायचा. व्यंजनाला हलका स्पर्श आणि पुढचा स्वर किंचित लांब: ‘काऽत्री’. आणि चार्ल्स व्हॅन रायपर यांची प्रसिद्ध तीन पावलं. हे गृहस्थ स्वतः अडखळायचे आणि पुढे याच विषयातले मोठे तज्ज्ञ झाले. पहिलं पाऊल: शब्द अडकत अडकत कसाबसा संपला की लगेच पळायचं नाही, थांबायचं आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. दुसरं: शब्दाच्या मध्येच अडलं की धक्का न देता तिथेच ताण सोडत बाहेर यायचं. तिसरं: पुढे अडणार असं दिसलं की आधीच तोंड सैल करून शिरायचं. शिकायचं याच क्रमाने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. मला हे उलटं वाटलं होतं, पण मुलाला अडून गेल्यावर काहीतरी करणं सगळ्यात सोपं जातं आणि अडायच्या आधी करणं सगळ्यात अवघड.

दुसऱ्या पावलावर तिचा हात बसला. पहिलं तिला अजिबात आवडायचं नाही: “एकदा झालं ना बोलून, परत कशाला?” ठेक्यावर एकेक अक्षर सुटं बोलायचीही पद्धत आहे आणि ती चालते, मेट्रोनोमवर ती एकदाही अडखळली नाही. पण “मी यंत्रमानव नाहीये” म्हणून तिने ती त्याच दिवशी बाद केली. आपलाच आवाज थोडा उशिरा कानात ऐकवणारं ॲप दादाने फोनवर टाकून दिलं. त्याचा गुण काही दिवस दिसला, मग कानाला सवय झाली आणि ते मागे पडलं. वर्गात सगळ्यांबरोबर कविता म्हणताना ती कधीच अडायची नाही, गातानाही नाही. नातेवाइकांना हा पुरावा वाटायचा की ‘मनात आणलं तर येतं’. तसं नाही. इतरांच्या सुरात सूर मिळवताना लय बाहेरून मिळते, सुरुवातीची जबाबदारी एकट्याची राहत नाही. एकट्याने तीच कविता म्हणायला लावा आणि बघा.

घरात जे बदललं ते सगळं आम्ही मोठ्यांनी करायचं होतं. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘घाबरू नको’ हे तिन्ही बंद. ती सावकाशच असते हो, ती थांबलेलीच असते! त्याऐवजी आम्ही स्वतः संथ बोलायचं, तिचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्यायचं, तिचा शब्द आपण पुरा करायचा नाही, आणि नजर हटवायची नाही. प्रश्नांची सरबत्ती कमी. ‘आज काय काय झालं, डबा खाल्लास का, बाई काय म्हणाल्या’ हे एका दमात विचारण्यापेक्षा ‘आज दमलेली दिसतेस’ म्हणून गप्प बसलं तर ती जास्त सांगते. रोज थोडा वेळ फक्त तिचा, फोन बाजूला ठेवून. सगळ्यात जड गेलं ते दादाला. जेवताना कुणीच कुणाचं बोलणं तोडायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा लावला, तेव्हा कळलं की आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं तोडतात ते त्याचे बाबा.

आणि मग ती खरोखरच जास्त अडखळायला लागली.

म्हणजे ऐकू येईल असं. ‘म्हणजे’ गेलं, वळसे गेले, आणि वाक्याच्या सुरुवातीलाच धाडकन ‘क’ अडायला लागला. दादा म्हणाला, “हिला तिकडे न्यायला लागल्यापासून वाढलंय.” सासूबाईंचंही तेच. मॅडमचं ते पहिल्या दिवशीचं वाक्य तेव्हा माझ्या उपयोगी पडलं. त्याच दिवसांत मॅडमनी तिला पाण्यावर तरंगणाऱ्या हिमनगाचं चित्र काढायला दिलं होतं, वरचा तुकडा लोकांना ऐकू येणारा आणि खालचा न दिसणारा. ही कल्पना जोसेफ शीहान या मानसशास्त्रज्ञांची, तेही अडखळणारेच. तिने पाण्याखाली बारीक अक्षरात इतकं लिहिलं होतं की कागद पुरला नाही. त्यातली एक ओळ: ‘आईला हाक मारत नाही’. ते वाचून मला आठवलं की ती कित्येक वर्षं मला हाक मारत नव्हती. काही हवं असेल तर जवळ येऊन दंडाला हात लावायची. मला ते लाडाचं वाटायचं. तो ‘आ’ होता.

मुद्दाम अडखळण्याचा अभ्यास त्यानंतर आला. ज्या अक्षराची भीती नाही, त्यावर आपण होऊन, सैलपणे, समोरच्याकडे बघत अडखळायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण ज्या गोष्टीपासून दिवसभर पळायचं, ती स्वतःच्या इच्छेने करून बघितली की तिचा दरारा कमी होतो. इथे काका कामाला आला. मी त्याला घाबरत घाबरतच विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, मला लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर!” तेव्हापासून ठरावीक दिवशी दोघांचा फोन. नियम त्यांनीच केले: प्रत्येकाने पाच शब्द मुद्दाम अडवायचे, आणि दुसऱ्याने ओळखायचं की खरं कुठलं आणि मुद्दाम कुठलं. पलीकडून काका खरोखर अडला की ही इकडे ओरडायची, “हे खरं होतं! फसवू नको!” त्या दोघांना इतकं हसताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

थेरपीच्या खोलीत तोवर ती छान बोलायला लागली होती. खोलीतलं बोलणं बाहेर नेणं हेच या सगळ्यातलं खरं काम, आणि तिथे बरीच मुलं रेंगाळतात. त्यासाठी एक शिडी केली. सगळ्यात खालच्या पायरीवर दादाला एक ओळ वाचून दाखवणं, मग मैत्रिणीशी, मग अनोळखी माणसाला वेळ विचारणं, वर्गात हात वर करणं, नाव सांगणं, फोन करणं. कुठली पायरी कुठे हे तिने ठरवलं. माझ्या अंदाजापेक्षा ते पुष्कळ वेगळं निघालं. सगळ्या शाळेसमोर बोलणं तिच्या लेखी मधल्या पायरीवर होतं आणि हजेरी जवळजवळ टोकाला. कारण हजेरीत आपला नंबर जवळ जवळ येत असतो, आणि प्रत्येक नावागणिक घसा आवळत जातो.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी हजेरीचा क्रम रोज बदलायला सुरुवात केली, कधी शेवटून, कधी मधूनच, आणि हात वर केला तरी चालेल असं सगळ्या वर्गाला सांगितलं. प्रकट वाचनातून तिला सूट द्यायची का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. सूट दिली की मूल वर्गातून थोडं वजा होतं. त्यापेक्षा कुठला उतारा आणि केव्हा, हे तिला निवडू द्या, आणि तोंडी परीक्षेत वेळेचं घड्याळ लावू नका. एवढं पुरलं.

तिची नक्कल करणारा एक मुलगा होता. असतोच. मॅडमनी दोन-तीन उत्तरं तिच्याकडून बसवून घेतली होती, पण प्रत्यक्षात तिने वेगळंच केलं: त्याला सांगितलं, “चुकतोयस. आवाज येत नाही त्यात,” आणि मला शिकवलं होतं तसं त्याला शिकवायला लागली. पुढे पाचवीत 22 ऑक्टोबरला, अडखळण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय जागृती दिनाला, तिने वर्गात तोंडाचा तो लाल ठिपक्यांचा कागद लावून बोलून दाखवलं. बाई सांगत होत्या की ती चांगलीच अडखळली आणि तरी खाली बसेना. एका मुलाने विचारलं, हे चावल्याने होतं का. दुसरीने विचारलं, झोपेत बोलताना पण अडतं का. त्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं. ‘दादाला ऐकायला सांगते’ म्हणाली.

सगळं वर वर चढत गेलं असं मात्र नाही. परीक्षेच्या दिवसांत, ताप येऊन गेल्यावर, मोठी सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर आकडा पुन्हा उसळतो. कधी काहीही कारण नसताना एखादा आठवडा वाईट जातो. या दुखण्याचा स्वभावच चढउताराचा आहे, त्यामुळे एका चांगल्या दिवसावरून नवस फेडू नये आणि एका वाईट दिवसावरून थेरपिस्ट बदलू नये. मी आता आकडे विचारत नाही. ‘आज काही बोलायचं राहिलं का?’ एवढंच विचारते. बहुतेक वेळा ‘नाही’ येतं. कधी ‘हो’ येतं, तेव्हा काय राहिलं ते ती मला सांगते, अडखळत का होईना, आणि ते ऐकायला बसावं लागतं.

सध्या तिने थेरपीतून रजा घेतली आहे. तिची तीच म्हणाली, मला आता कंटाळा आलाय, दर आठवड्याला तेच. मला धास्ती वाटली. मॅडम शांत होत्या. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत असं होतं म्हणे, थांबू द्यावं, दार उघडं ठेवावं, वय वाढतं तशी त्यांची गरज बदलते आणि ती परत येतात. शिडीवर फोनची पायरी अजून बाकी आहे. काकाशी बोलणं त्यात धरायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलंय.